खळ्यातली नदी

कार्तिकातली सकाळ. वाघजाईच्या पठारावर ऊन उतरले, ते केशरात पावले बुडवून. बाजरीच्या कापल्या खुंटांवर, सोनसळी गवतावर, निश्चल दगडांच्या काळ्या पाठींवर ते हळूहळू पसरत गेले. आणि दूर डोंगराच्या कुशीत मंजुळा नदी चमकली. रजतरेखा, चंचला, पठाराकडे पाठ फिरवून खोल दरीत धावत सुटलेली. पिढ्यान्‌पिढ्या ती अशीच जात होती. दिसे, पण भेटत नसे.

आज तिला वळवायचे होते. निदान मातीत.

खिंडीतल्या खळ्यावर सारे गाव लोटले होते. शेणाने सारवलेले, चंद्रबिंबासारखे वाटोळे खळे; त्याच्या मधोमध तिवडा, मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरत तो गुळगुळीत खांब. खिंडीतला वारा उफणणीला असा धावून येई, की सुपातून भूस उडावे आणि पायाशी निखळ मोती पडावेत. त्याच खळ्यावर, पाटाची आखणी करायला आलेल्या अभियंता संयोगिताबाईंनी गावाकडूनच पठाराचा नकाशा घडवून घेतला होता. ओल्या मातीचे डोंगर, राखेच्या वाटा, निळीची नदी. आणि ज्याने त्याने आपल्या शेतातले मूठभर धान्य आणून आपल्या जागी मांडलेले.

हौसाबाईने पदराची गाठ सोडली. तिच्या मुठीत हुलगे होते. खिंडीपल्याडच्या तिच्या वस्तीवर, त्या तृषार्त, खडकाळ उतारावर दुसरे काही पिकतच नसे. नकाशाच्या अगदी काठाला तिने ते तांबूस दाणे ठेवले, आणि त्यांच्याशेजारी जणू आपला जीवच ठेवून मागे सरकली. पाणी पल्याड येईल का? एवढा एकच प्रश्न तिच्या डोळ्यांत होता.

"आता पाट काढा," बाई म्हणाल्या.

निळीच्या चिमटी सरसावल्या. जो तो पाट आपल्या बांधाकडे ओढू लागला. पाट वळला, वेटाळला, नागिणीसारखा फणा काढून चक्क टेकडी चढला.

"अहो, पाणी चढ चढत नाही!"

"आमचं चढंल, बाई," खळ्याचे राखणदार म्हातारे बाजीबा म्हणाले. "आमच्या गावाला आलं म्हणजे हट्टी व्हायाचंच त्ये!"

हशाने खळे भरून गेले. मग बाईंनी निळीच्या रेषा पुसल्या, बोटाने खरा उतार कोरला आणि तांब्यातून धार सोडली. पाणी निघाले. झुळझुळत, थबकत, बाजरीच्या एकेका ढिगाला स्पर्शत निघाले; आणि मातीच्या डोंगररांगेशी येऊन थांबले. पल्याड हुलगे कोरडेच राहिले.

"डोंगर एकाच जागी सखल आहे," बाई सावकाश म्हणाल्या. "आपण बसलोय ती खिंड. पल्याड पाणी न्यायचं, तर पाट या खळ्यातून जाईल."

आज्या-पणज्यांचे खळे! बाजीबांचा हात नकळत तिवड्यावर गेला. हौसाबाईची मान खाली गेली. "राहू द्या" हे शब्द तिच्या ओठांवर आले आणि तिथेच अडले; कारण मागे तिची वस्ती उभी होती, रिकामे हंडे घेऊन.

तेवढ्यात बायकांतून बाजीबांच्या घरधनीण चंद्राबाईंचा आवाज आला. "इर्जिकीचं पयलं औत कुणाच्या रानात घालत्यात, इसरलं वाटतं!"

विसरणार कोण? साऱ्यांनी मिळून एकमेकांची राने नांगरायची, त्या इर्जिकीचे पहिले औत इथे सदैव सर्वांत दूरच्या शेतात जाई. औताचा जो नेम, तोच पाण्याचा.

बाजीबा उठले. त्यांनी तिवड्याला मिठी मारली, हलवला, उपटला आणि बाळासारखा खांद्यावर घेतला.

"हौसे, खळं आता तुझ्या वस्तीवर. खिंडीतला वारा तिकडंच तर जातोय. पर मळणीची भाकरी तू घालायची!"

"घालते की! वर प्यायला हुलग्याचं माडगं. पर भावजी, दुसऱ्यांदा वाडगं पुढं करायचं न्हाई!"

"मग तिवडा माघारी नेतो!"

हशा पुन्हा उसळला. त्या हशातच हौसाबाई गुडघ्यांवर बसली आणि तिने बोटाने मातीची खिंड कापली. पाणी शहारले, वाकले, पल्याड उतरले. कोरड्या हुलग्यांचा रंग काळवंडून ओला झाला.

पुढे आखणीच्या खुंट्या घेऊन बाई पुन्हा खिंडीत आल्या, तेव्हा मातीचे डोंगर उन्हाने तडकले होते, राखेच्या वाटा वाऱ्याने नेल्या होत्या. बाजरी पाखरांनी टिपली होती. मंजुळा अजून दूरच होती, दरीच्या ओढीने धावत होती. पण नकाशाच्या काठाला, हौसाबाई येता-जाता ओंजळभर पाणी घालीत असे तिथे, हुलग्याचे इवले कोंभ उगवले होते. आणि येणारी-जाणारी माणसे, गुरे, पोरे त्यांना वळसा घालून जात होती, हिरव्या वस्तीला वळसा घालून जावे तशी, हळूच, हळूच, हळूच.