सलोनीचं खरं वजन

मी एक ताणकाटा बोलतोय. वर टांगायची कडी, खाली हूक, मधे पंचवीस किलोंची गोल तबकडी आणि पोटात एक स्प्रिंग, एवढाच माझा देह. हुकाला निळ्या कापडाची झोळी लावतात, तिच्यात मूल बसवतात आणि माझा काटा फिरतो.

पोलादपूर तालुक्यात उमरठच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या अंगणवाडीत मी सात वर्षं काढली. अंगणवाडीच्या सेविका वैशालीताई. त्यांचा नवरा दीपक महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. एकदा पाळी संपवून येताना त्यानेच मला मोटरसायकलवर आणलं. महिन्यातून एकदा मी दाराच्या वरच्या कडीला लटकायचो. पोरं रडायची. आया पोराकडे कमी आणि माझ्या काट्याकडे जास्त बघायच्या. काटा पुढे गेला की हसायच्या, जणू मीच त्यांच्या लेकराला भरवलं.

शेजारीच शाळा होती. सहदेव गुरुजी चांगले शिकवायचे. गेल्या वर्षी एका सकाळी ते मला मागून घेऊन गेले. सहा किलोंचा एक धोंडा त्यांनी माझ्या हुकाला बांधला आणि मुलांना विचारलं, "हा काटा काय मोजतो?"

"वजन," मुलं म्हणाली.

"म्हणजे ओढ. पृथ्वी धोंड्याला खाली ओढते, ती ओढ हा मोजतो. धोंड्यात दगड किती भरलाय ते वस्तुमान. हाच धोंडा चंद्रावर नेला तर काटा एक किलोवर थांबेल. धोंडा मात्र तेवढाच राहील."

यशराज नावाच्या मुलाने विचारलं, "आणि ते अवकाशात माणसं तरंगतात, तिथं?"

"तिथं शून्य. पण ओढ नसते म्हणून नव्हे. ओढ तिथेही जवळजवळ इथल्याएवढीच आहे. माणूस, धोंडा, काटा, सगळं एकदमच पडत असतं. पण पुढे जाण्याचा वेग इतका की पडता पडता पृथ्वीभोवती फिरत राहतं. सगळेच पडतायत, मग काट्याला ताणणार कोण?"

मुलांना पटेना. मग गुरुजी टेबलावर चढले. मी जमिनीवर आपटून फुटू नये म्हणून त्यांनी माझ्या वरच्या कडीला दोर बांधून तो आढ्याला अडकवला आणि धोंड्यासकट मला सोडून दिलं. क्षणभर माझ्या पोटात काहीच ताण राहिला नाही. मोबाइलवर ते चित्रण सावकाश फिरवून त्यांनी दाखवलं, पडताना माझा काटा शून्यावर होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पण दोर ताठ झाला तेव्हा धोंड्याचा हिसका मला बसला. आतल्या स्प्रिंगच्या तारेला केसाएवढी चीर गेली. ती कुणाला दिसली नाही. काटा थोडा पुढे अडकला होता. गुरुजींनी वरचा स्क्रू फिरवून तो शून्यावर आणला, नीट पुसून मला परत दिलं. त्यांना वाटलं, झालं. रिकामा असताना मी बरोबर शून्य दाखवत होतो. भार आला की मात्र ती चिरलेली तार आधीपेक्षा जास्त ताणली जायची, आणि दर महिन्याला आणखी थोडी.

रेश्माची मुलगी सलोनी तेव्हा नऊ महिन्यांची होती. रेश्माचा नवरा मंगेश मुंबईला, ती इथे शेत सांभाळायची. मी सलोनीचं वजन दाखवलं सहा किलो आठशे ग्रॅम. पुढच्या महिन्यात सात. त्याच्या पुढच्या महिन्यात सात शंभर. वैशालीताईंनी तक्त्यावर ठिपके मांडले, तिन्ही हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या, पट्ट्यात.

तिसऱ्या वेळी रेश्मा जागची हलली नाही. म्हणाली, "ताई, पोर हलकी लागते गो. कडेवर घेतली का काय घेतलंय असं वाटतच नाय."

"अगो, वाढतंय तिचं वजन. बघ ना, काटा काय सांगतोय."

"काटा सांगेल ते सांगेल. मला हलकी लागते."

"रांगायला लागली की पोरं अशीच दिसतात. डाळ-भात मऊ करून घाल."

रेश्माने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मुलीला उचलून ती निघाली. मला वाचा असती तर मी तिला थांबवलं असतं.

आठवड्याने सलोनीला जुलाब लागले. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे खोल गेले. वैशालीताई आणि रेश्मा तिला जीप करून महाडला दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे परिचारिकेने तिला सपाट काट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "पाच सातशे." वैशालीताई म्हणाल्या, "चुकलं असेल. आठवड्यामागं सात शंभर होती." परिचारिकेने पुन्हा ठेवलं. पाच सातशेच. जुलाबाने थोडं उतरलं असेल, पण एवढं नाही. अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी सलोनी गेली.

वैशालीताई परतल्या त्या थेट अंगणवाडीत आल्या. पिठाची पाच किलोंची बंद पिशवी त्यांनी माझ्या हुकाला लावली. मी सहा दाखवले. पिशवी काढली, पुन्हा लावली. पुन्हा सहा. त्या तशाच खाली बसल्या. मग गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी पिशवीवरचा आकडा वाचला, माझी तबकडी वाचली.

"मी फक्त शून्य बघितलं," ते म्हणाले. "वजन लावून बघितलंच नाही."

"तुम्ही काट्यावर विश्वास ठेवलात मास्तर. मला तर आई सांगत होती."

दोघं रेश्माच्या घरी गेले आणि तिला सगळं सांगितलं. नंतर वैशालीताई मदतनीस चंद्रभागाबाईंना हे आणि दवाखान्यातलं सगळं माझ्यासमोरच सांगत होत्या. रेश्मा रडली नाही, भांडलीही नाही. एवढंच म्हणाली, "मी सांगितलं होतं. तुम्ही काट्याला इचारलंत."

त्याच आठवड्यात वाडीतल्या सगळ्या मुलांना महाडला नेऊन पुन्हा वजन केलं. आणखी दोघं लाल पट्ट्यात निघाली. ती वाचली. अंगणवाडीत आता नवा काटा आहे. वैशालीताई मूल त्यावर ठेवण्याआधी आईला विचारतात, "हातात कशी लागते?" आणि उत्तर वहीत लिहितात. रेश्मा अंगणवाडीवरून जाते, आत बघत नाही.

मी कपाटाच्या खालच्या खणात पडून आहे. लवकरच भंगारात जाईन. मला एकच सांगायचं आहे. दिसायला मी अजून धड आहे. कुणीतरी चांगला काटा म्हणून उचलून मला दुसऱ्या वाडीत नेईल. त्याआधी माझा हूक तोडून टाका.