पहिल्या अध्यायाच्या पाच ओव्या

कडेगावचे लालासाहेब म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन आलेला गडी. सख्ख्या भावाला स्मशानात पोचवतानाही ह्याच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. आणि हा माणूस भ्याला कशाला, तर एका सिनेमाला!

सिनेमा उडत्या घोड्याचा, तीन भागांचा. पहिले दोन भाग त्यांनी नातीला, समीक्षाला घेऊन सांगलीत पाहिले होते. भिंगऱ्या घोडा दोघांच्याही काळजाचा तुकडा. आता शेवटच्या भागाची जाहिरात आली, तर तिच्यात म्हातारा भिंगऱ्या पंख मोडून आडवा पडलेला. लालासाहेबांनी मोबाईल पालथा ठेवला.

"आबा, शुक्रवारची तिकिटं काढू न्हवं?" समीक्षानं विचारलं.

"तूच जा. उसाला पाणी पाजायचंय."

"आवं, ह्या आठवड्यात रात्रीची लाईट हाय. दिवसा मोटर कशी चालायची?"

चोरी पकडली गेली. मग गुडघा दुखायला लागला, मग सांगलीचा रस्ता लय खराब निघाला. बहाणे करायचे तर माणसानं नीट तरी करावेत!

समीक्षा त्यांचीच नात, सोडते कसली! "श्रावणात पोथी लावता तवा काय सांगता? लावलेली पोथी अर्धी ठेवायची न्हाई. आन् आता समाप्तीलाच उठून चाललाय व्हय?"

"घोड्याचं न्हाई गं," म्हातारा शेवटी म्हणाला. "सोमवारी तू नर्सिंग शिकाय पुण्याला चाललीस. ह्यो भाग बघितला की आपल्या दोघांचं बघायचं काय ऱ्हातंय?"

समीक्षानं विचारलं, "समाप्ती झाली की लगीच काय वाचता?"

"पहिल्या अध्यायाच्या पाच ओव्या," सवयीनं आबांच्या तोंडून निघालं. "म्हंजे पोथी संपत न्हाई."

"मग झालं तर! सिनेमा बघून घरी आलं की पहिला भाग लावायचा. धाच मिनिटं. उरलेला मी दिवाळीच्या सुट्टीला आल्यावर."

लालासाहेबांनी मिशीवर हात फिरवला. "तू न्हाईस तवर मी फुडं बघायचा न्हाई व्हय?"

"बघून तर बघा!"

शुक्रवारी स्टँडवर म्हाताऱ्याच्या पिशवीत दोन टॉवेल निघाले.

"दोन कशाला वो?"

"एक तुझा."

आणि एसटी लागायच्या आधीच त्यांनी आपला डोळ्याला लावला.