रडवे सात आणि एक खराब मिनिट

मी एक छोटा स्पीकर बोलतोय. बोलणं हा माझा धंदाच आहे, पण स्वतःचं बोलायची ही पहिलीच वेळ. आजवर जे काही बोललो ते दुसऱ्यांचं. नायकाच्या शपथा, कुत्र्याचं भुंकणं, दाराची करकर, टूथपेस्टची जाहिरात. माझ्या आवाजात लोक एकमेकांना कायमचे सोडून गेले आणि दहा मिनिटांनी परत आले, कारण संकलकाने पट्टी मागे घेतली होती.

माझा जन्म कारखान्यात झाला. लाकडाची पेटी, कागदाचा पडदा, पाठीशी लोहचुंबक. एका बाईंनी माझ्यातून एक सरळ, लांबलचक सूर काढून पाहिला, "चालेल" म्हणाल्या आणि पुढच्याला हात घातला. कौतुक म्हणून माझ्या वाट्याला आलं ते एवढंच. आम्ही जोडीने विकले गेलो, मी आणि माझा उजवा भाऊ. भाऊ टेबल सरकवताना पडला आणि त्याचा पडदा फाटला. माणसं पाच मिनिटं हळहळली, मग कोणीतरी म्हणालं, "जाऊ दे, एकावर भागतंय." तेव्हापासून मी एकटा आहे. त्याचं मला फार काही वाटलं नाही, पण पुढे जे घडलं त्यावर बोलायचा थोडा हक्क त्यामुळे मला मिळतो, असं मी धरून चालतो.

मी ज्या खोलीत आलो तिथे सिनेमे जोडले जातात. खोलीला खिडकी नाही. भिंतींना जाड फोम, दोन खुर्च्या, एक सोफा, आणि सोफ्यावर बसून मतं देणारी माणसं. समोर दोन धिप्पाड स्पीकर उभे असतात. खरं काम त्यांचं. त्यांनी खर्ज लावला की टेबलावरचा चहा थरथरतो. माझ्या अंगात खर्जच नाही. पण संकलक शेवटी प्रत्येक प्रसंग एकदा माझ्यावर लावून बघायचा. "लोकांच्या घरी काय हे राक्षस आहेत? लोकांच्या घरी असले डबेच असतात," असं तो म्हणायचा. त्यामुळे माझं नाव पडलं डबा.

संकलकाला सगळे दादा म्हणत. दादांच्या संगणकात एक कप्पा होता. त्यावर लिहिलं होतं ‘रडवे’. त्यात संगीताचे चाळीस तुकडे होते, एक ते चाळीस. पडद्यावर कोणी एकटं बसलेलं दिसलं की दादा कप्पा उघडत. खरं संगीत तयार व्हायला वेळ लागतो, तोवर जागा भरायला म्हणून यातला एखादा तुकडा लावायचा, अशी या धंद्यातली रीत. सगळ्यात लाडका रडवे सात. एक व्हायोलिन, मागे मंद पियानो, आणि मधेच कोणी उसासा टाकावा तशी एक फट. रडवे सात मी हरवलेल्या कुत्र्यासाठी वाजवलाय, पूरग्रस्तांसाठी वाजवलाय, विम्याच्या जाहिरातीतल्या विधवेसाठी वाजवलाय. व्हायोलिनला त्यातलं कोणीच ठाऊक नव्हतं. रडणाऱ्यांनाही हे कधी कळलं नाही.

मग ती आली.

ती दिग्दर्शिका होती आणि हा तिचा पहिलाच सिनेमा. वय पंचवीसच्या आसपास, बोलणं घाईचं, खुर्चीत बसली तरी उभी असल्यासारखी. दादा तिला ‘तुफान’ म्हणत. सिनेमा होता एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाईंवर. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, आता तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. ही बाई म्हणजे तिची सख्खी मावशी. मावशीचं काम एका नटीने केलं होतं, पण घर खरं होतं. मावशीने आपलं घर चित्रीकरणाला दिलं होतं, एका अटीवर: सिनेमा बाहेर जाण्याआधी मी बघणार, आणि नाही पटला तर माझं घर त्यातून काढायचं. घर काढलं तर सिनेमात उरणार काय? जिना आणि एक बसस्टॉप.

सगळा पेच एका प्रसंगाचा होता. बाई बाहेरून येते. किल्ली खिळ्याला अडकवते. एक कप विसळते, पुसते, पालथा घालते. खिडकीजवळच्या खुर्चीत बसते. बस्. पावणेदोन मिनिटं. दादांनी तिथे रडवे सात लावला होता, तात्पुरता म्हणून. दीड महिना तो तात्पुरता तिथेच होता. त्या काळात आम्ही तो प्रसंग दोनशे वेळा तरी पाहिला असेल, आणि दोनशेव्यांदा पाहताना सगळ्यांना वाटायला लागलं की ही बाई जन्मली तीच व्हायोलिन घेऊन. घरात पाहुणा महिनाभर राहिला की त्याच्या खुंटीला कोणी दुसरं काही अडकवत नाही, तसंच हे. दर वेळी दिग्दर्शिका डोळे पुसायची. "दादा, हेच हवं. अगदी हेच."

एका रविवारी मावशी आली.

कॉटनची साडी, पाठ ताठ, पर्स मांडीवर. सोफ्याच्या कडेला बसली, जणू लगेच उठायचं आहे. प्रसंग सुरू झाला. धिप्पाडांनी रडवे सात लावला आणि खोली भरून आली. संपलं. मावशीने चष्मा काढून पुसला. दिग्दर्शिकेला वाटलं, रडली. रडली नव्हती. काच मळकी होती.

"काय गं," मावशी म्हणाली, "ही बाई शेवटी मरते का?"

"नाही गं."

"कोणी जवळचं गेलंय का तिचं नुकतंच?"

"नाही, ती फक्त... घरी येते."

"मग हे एवढं कोणासाठी वाजतंय?"

दादा कीबोर्डवरची धूळ बघू लागले.

"छकुले, मी रोज घरी येते. किल्ली अडकवते. माझ्या घरात असलं काही वाजत नाही. मला बघून जिन्यात लोक हळूच ‘बिचारी’ म्हणतात, ते मला ऐकू येतं. चाळीस वर्षं कानाने नोकरी केली मी. आता तूही म्हणतेस, तेही वाद्य लावून."

"मावशी, मी तसं नाही..."

"पुढच्या रविवारी परत येते. तेव्हाही असंच असेल तर घर काढ माझं." ती उठली. दारात थांबून दादांना म्हणाली, "चहा चांगला होता हो."

पुढचा आठवडा मी बराच घाम गाळला, म्हणजे माणसांनी गाळला, मी वाजलो. रडवे तीन, रडवे अकरा, रडवे एकोणतीस. संगीतकाराने पाठवलेल्या दोन चाली. नुसता पियानो. नुसती बासरी. एकदा तर काहीच नाही: सगळं काढून टाकलं आणि प्रसंग मुका केला. तेव्हा सोफ्यावरच्या एकाने विचारलं, "आवाज गेला का?"

बुधवारी दोघांचं वाजलं.

"तुम्हीच लावलात तो सात!" दिग्दर्शिका म्हणाली. "मला सवय लावली तुम्ही त्याची!"

"लावला मी. पण रडत कोण होतं?" दादा शांतच होते. "तुफान, एक सांगू? त्या खुर्चीत मावशीला बघून तुला गलबलतं. ते गाणं तुझ्या गलबलण्याचं आहे. मावशीला काय होतं, ते तुला माहीत आहे का?"

ती अगदी लहान आवाजात म्हणाली, "नाही." त्या खोलीत इतक्या वर्षांत मी ऐकलेला हा एकमेव ‘नाही’, ज्यापुढे ‘पण’ नव्हता.

दादांनी मग निराळा विचार केला. संगीत नको, पण मुकं पण नको. त्या घराची शांतता लावू. शांतता वेगळी लावावी लागते, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते, म्हणून चित्रीकरण संपलं की ध्वनिमुद्रक सगळ्यांना जागच्या जागी उभं करून एक मिनिट त्या खोलीचा रिकामा आवाज टिपून घेतो. या सिनेमाच्या ध्वनिमुद्रकाला सगळे ‘शूमास्तर’ म्हणत, कारण ‘शूऽऽ, गप्प!’ याशिवाय तो दुसरं काही बोलतच नसे. दादांनी त्याला फोन लावला.

"दोन मिनिटं आहेत," फोनमधून शूमास्तर म्हणाला. "पहिलं खराब. दुसरं घ्या. पहिल्यात मावशींनी स्वयंपाकघरात झाकण पाडलं. किती सांगितलं होतं, हलू नका म्हणून! मी ओरडलो, आणि पुन्हा घेतलं."

दादांनी घाईत पहिलंच उघडलं. धिप्पाडांवर फ्रिजची घुर्रघुर्र ऐकू आली, रस्त्याचा लांबचा गडगडाट, मग ठण्ण करून झाकण. "खराबच आहे," दिग्दर्शिका म्हणाली. दादा बंद करणार होते, पण सवय मोठी वाईट. हात आपोआप माझ्या बटणावर गेला.

आता मी आधीच सांगितलंय, माझ्या अंगात खर्ज नाही. फ्रिज माझ्या घशातून येत नाही, रस्ता येत नाही. जे उरतं तेवढंच येतं. आणि त्या मिनिटात उरलं होतं ते एक गुणगुणणं.

शब्द नव्हते. चालही धड नव्हती. दोन सूर वर, एक खाली, मग थांबून परत, हातातलं फडकं फिरेल तसं. कोणीतरी कामात होतं आणि त्याला आपण आवाज करतोय याचा पत्ताच नव्हता. मग ठण्ण. मग लगेच शूमास्तरची आरोळी, आणि आरोळीच्या मागे एक दाबलेलं हसू.

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. माझ्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. मी काही केलं नव्हतं, फक्त काही गोष्टी मला जमत नाहीत.

"मावशी," दिग्दर्शिका म्हणाली.

दादांनी शूमास्तरची आरोळी कापली, फ्रिज खाली नेला, आणि ते गुणगुणणं, झाकण आणि हसू पावणेदोन मिनिटांच्या प्रसंगात ठेवलं. कप विसळताना ते सुरू होतं. बाई खुर्चीत बसते तेव्हा मधे थांबतं, परत लागतं. नटीचे ओठ दिसतच नव्हते. ती पाठमोरी होती. मी तटस्थ आहे, तरी सांगतो: प्रसंगातली बाई पहिल्यांदाच आपल्या घरी आहे असं वाटलं.

"पण हे चोरलेलं आहे," दिग्दर्शिका म्हणाली. "तिला न सांगता घेतलेलं."

"मग सांग," दादा म्हणाले.

रविवारी मावशी आली. तीच पर्स, सोफ्याची तीच कडा. दिग्दर्शिकेने प्रस्तावना केली नाही. प्रसंग लावला, आणि या वेळी धिप्पाडांवर नाही, माझ्यावर.

किल्ली. कप. मावशी पुढे झुकली.

"कोण गातंय हे?"

झाकण पडलं. मावशीचा हात पर्सवरून सुटला.

"हे माझं झाकण आहे."

"हो."

"म्हणजे ही..." ती थांबली. "छे. मी गप्प होते. तो शू करणारा म्हणाला एक मिनिट गप्प, मी घड्याळाकडे बघत गप्प होते."

"तू गुणगुणत होतीस, मावशी."

"मी असं करते?"

"माहीत नाही गं," दिग्दर्शिका म्हणाली. तिच्या आवाजातली घाई गेली होती. "मी घरी आले की तू बोलत असतेस. मी कधी ऐकलंच नाही."

मावशीने पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर खुर्ची होती आणि खिडकी. मग म्हणाली, "बेसूर आहे."

"काढू? तुला न विचारता घेतलंय. तू म्हणशील तर आत्ता पुसते. घरही काढते."

"परत लाव."

परत लावलं. दुसऱ्यांदा झाकण पडल्यावर त्या दाबलेल्या हसण्यापाशी मावशी स्वतःच हसली, अगदी तसंच. एकाच माणसाचं हसू एकाच वेळी माझ्यातून आणि माझ्यासमोरून यावं, हे मी पूर्वी अनुभवलं नव्हतं.

"ठेव," ती म्हणाली. "आणि ते झाकण पण ठेव. तो शूवाला एवढा मोठ्याने ओरडला की मला हसू आवरेना. ते कापू नकोस. मला हसताना कोणी ऐकत नाही हल्ली." मग दादांकडे वळून, "आणि तुमचं ते व्हायोलिन द्या दुसऱ्या कोणाला तरी. मेलेल्या माणसाला द्या."

"देतो," दादा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी कप्प्यावरचं ‘रडवे’ खोडून ‘तात्पुरते’ लिहिलं. आतले तुकडे तेच आहेत. माणूस एका आठवड्यात एवढाच बदलतो.

सिनेमाचं पुढे काय झालं, किती जणांनी पाहिला, मला माहीत नाही. त्या खोलीत नंतर नवे स्पीकर आले, छोटेसुद्धा, आणि माझी वायर गुंडाळून मला खोक्यात घातलं. दिग्दर्शिकेने दादांकडे मला मागून घेतलं आणि मावशीकडे नेलं.

"मला कशाला हा डबा? माझा रेडिओ आहे," मावशी म्हणाली. पण ठेवून घेतला. आता मी स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. माझ्या डोक्यावर मनीप्लांट आहे, त्याचं पाणी कधीकधी माझ्या पेटीवर ओघळतं. मला अजून कोणी जोडलेलं नाही.

एक गोष्ट मात्र माणसांना सहसा माहीत नसते. स्पीकरला वीज नसली तरी त्याच्या पडद्यावर समोरचा आवाज येऊन आदळतो आणि पडदा केसाएवढा हलतो. मावशी बाहेरून येते, किल्ली अडकवते, कप विसळते. दोन सूर वर, एक खाली. माझा पडदा हलतो.

तुमच्यापैकी कोणी या घरी आलात, आणि फळीवर हा जुना डबा पाहून "अरे, चालतो का बघू" असं वाटलं, तर कृपा करून माझी वायर सोडवू नका. मी पुष्कळ वाजलो. आता फक्त ऐकतोय, आणि तुम्ही दार वाजवलंत की ती गुणगुणायची थांबते.