ती अडखळली नाही

सन दोन हजार पंचवीस, महिना डिसेंबर, आठवडी बाजाराचा दिवस. स्थळ तळेगाव ढमढेरे, तालुका शिरूर, जिल्हा पुणे. महबूबभाईंच्या फोटो स्टुडिओतील काचेच्या कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा. मित्रांनो, मी एक जुनी झूम लेन्स आहे, आणि हे निवेदन मी अभिमानाने नव्हे, लाजेने करीत आहे.

कारखान्यात माझ्या पोटात भिंगे बसवली गेली, त्याच दिवशी माझा गुण आणि माझा दोष दोन्ही ठरले. सबंध मांडव दाखवणारी मी, अंगावरची झूमची कडी फिरवताच दूरच्या माणसाच्या कपाळावरचा घामही दाखवते, हा गुण. परंतु दूरचे ओढून घेताना माझ्या आतील उजेडाची वाट अरुंद होते, हा दोष. फोटोत तो झाकला जातो, कारण फोटो एका क्षणाचा असतो आणि फ्लॅश सोबतीला असतो. व्हिडिओत मात्र कडी फिरत असतानाच चित्र काळवंडते आणि नजर भरकटते.

फोटो आणि व्हिडिओ या दोन्ही कामांसाठी एकच लेन्स घ्यावी म्हणून सहा वर्षांपूर्वी महबूबभाई आणि त्यांची लेक नाझिया पुण्याच्या दुकानात आले. नाझियाने माझ्या शेजारची आखूड, जाड लेन्स निवडली. ती लांबचे दाखवीत नसे, पण तिचा उजेड कधी बदलत नसे.

“आपल्याकडं मानाची माणसं फोटोवाल्याच्या म्होरं उभी ऱ्हात्यात,” महबूबभाई म्हणाले. “मागनं ओढायला लांबचीच पायजे.”

“फोटोला ओढा, अब्बा. शूटिंगमधी ओढलं की अंधार पडतोय.”

त्यांनी मला दुकानाच्या दारात नेले, भर दुपारी समोरच्या इमारतीवरील पाटी टिपली आणि तिच्यावरची बारीक अक्षरे मोठ्याने वाचून दाखवली. परीक्षा उन्हात झाली. काम मांडवाच्या सावलीत होते. “हीच!” ते म्हणाले. कोणी म्हणेल, यात निर्जीव लेन्सचा काय अपराध? हा युक्तिवाद मला मान्य नाही. त्या स्तुतीने मी सुखावले होते, आणि स्वतःचा दोष ठाऊक असताना सुखावणे हाच अपराध होय.

पुढे कौतुकाची वर्षे आली. साखरपुडे, वाढदिवस, रांजणगावच्या कंपन्यांतील बक्षीस समारंभ. लोक मला ‘दुर्बीण’ म्हणू लागले. व्हिडिओतील काळवंडलेले तुकडे नाझिया गुपचूप कापून टाकी. मला वाटे, ते कोणाला दिसलेच नाहीत.

या उन्हाळ्यात केंदूरच्या भागुबाई आपल्या नातीला, करुणाला, घेऊन स्टुडिओत आल्या.

“आमची करुणा बोलताना अडकती,” त्या म्हणाल्या. “बौद्ध पद्धतीचं लगीन हाय. माईकवर प्रतिज्ञा म्हणायची हाय तिला. दोन महिनं झालं घोकती. शेळ्यास्नीबी पाठ झालीया आता.”

करुणा हसली. “ते-तेवढं नीट घ्या, मामा. मला बघायचंय, मी क-कशी बोलते.”

लग्नाच्या दिवशी नाझियाला कंपनीत ड्युटी होती. निघताना तिने बजावले, “प्रतिज्ञेला पुढं जाऊन उभं ऱ्हावा. झूमला हात लावू नका.”

“तीस वर्षं लग्नं करतोय मी!”

“लग्न एकच केलंय तुम्ही. अम्मीला विचारू का?”

मांडवात मेणबत्त्या लागल्या. पांढऱ्या साडीतील करुणा माईकसमोर उभी राहिली, आणि नेमकी तेव्हाच पाहुण्यांची रांग आमच्यापुढे येऊन थांबली. ‘जरा सरका’ एवढे दोनच शब्द पुरेसे होते. पण मानाच्या माणसांना सरकवण्याचा महबूबभाईंना संकोच वाटला, आणि त्यांचा माझ्यावर विश्वास होता. दोन फेट्यांच्या फटीतून त्यांनी कडी फिरवली.

चित्र काळवंडले. मी करुणाचा चेहरा शोधू लागले. फेट्यावर थांबले, पुढे गेले, मागे आले, पुन्हा फेट्यावर अडकले. आणि तिकडे ती बोलत होती. एकेक वाक्य, सावकाश, सलग, शेवटच्या शब्दापर्यंत. ती अडखळली नाही. अडखळले मी.

आता माझ्या अंगावर नाझियाने ‘फक्त फोटो’ अशी चिकटपट्टी लावली आहे, आणि ती योग्यच आहे. मित्रांनो, मला दमट जागी ठेवू नका, माझ्या काचेला बोटे लावू नका. पण त्याहून मोठी विनंती ही, की एखादी वस्तू निवडताना जिथे काम करायचे आहे तिथेच ती पारखा, आणि जे तिला जमत नाही ते तिच्यावर लादू नका. वस्तूला नाही म्हणता येत नाही.

पण त्या दिवसाची गोष्ट अजून संपलेली नाही. आठ दिवसांनी आजी आणि नात स्टुडिओत आल्या. फोटो पाहून दोघी हरखल्या. मग व्हिडिओ लागला. करुणा शेवटपर्यंत पडद्यावरचा तो गढूळ अंधार पाहत राहिली.

“पोरी, पुन्यांदा म्हण,” महबूबभाई खाली मान घालून म्हणाले. “जवळनं घेतो. कुणाला कळायचं न्हाई.”

“प्रतिज्ञा ए-एकदाच घेत्यात, मामा.”

तिने व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. या वेळी तिने डोळे मिटून घेतले आणि स्वतःचा आवाज ऐकला. माझी तिला गरजच नव्हती.

भागुबाईंनी फोटोंचे पाकीट पिशवीत ठेवले, नातीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तू नीट बोललीस. ह्यांनाच नीट दिसलं न्हाई.”