मला चौथऱ्यावर बसवू नका

मी एक जुनी, दोनच माणसांची, उघडी विलायती मोटार आहे. रंग गडद हिरवा, छप्पर कापडाचे, आणि उभे राहणे मला मुळीच जमत नाही. मित्रांनो, सुटीत घरात कोंडलेल्या मुलाची होते तशी माझी तगमग होते.

इंग्लंडमधल्या एका कारखान्यात १९५४ साली माझे अंग घडले. जहाजाने मुंबईला आले आणि तिथून रामटेककडच्या मँगनीज खाणीवरच्या साहेबाकडे. साहेब मायदेशी गेला. मग मी हात बदलत बदलत नागपूरला, धरमपेठेत बाबारावांच्या घरी पोहोचले. त्यांनी माझ्याआधी अशाच दोन विलायती गाड्या पाळल्या होत्या. हो, पाळल्याच! तरुणपणी लागलेले ते वेड कधी सुटलेच नाही.

बाबाराव तंत्रनिकेतनात कार्यशाळा शिकवत. माझा एखादा भाग मिळेनासा झाला, की स्वतः लेथवर घडवत. रविवारी ते माझ्याखाली आडवे पडत आणि ते मागतील तो पाना त्यांच्या पत्नी गोपिकाबाई हातात देत. मग दोघांना घेऊन मी कळमेश्वरच्या रस्त्याने सुसाट निघे. चहाच्या टपरीवरचे लोक कप हातात धरून बघत राहत. स्टिअरिंग मात्र बाबारावांनी कोणालाच दिले नाही. गोपिकाबाई रोजची मोटार घेऊन बाजारात जात, तरी त्यांनाही नाही.

पुढे बाबारावांचे हात कापू लागले आणि दोन वर्षे मी ताडपत्रीखाली गेले. टायर बसले. उंदरांनी सीट कुरतडली. रस्त्यावर नुसता हॉर्न वाजला तरी माझा जीव वरखाली होई.

"मी नेऊ का हिले?" गोपिकाबाईंनी एकदा विचारले.

"तुझ्या रोजच्या डब्ब्यासारखी नाही हे," बाबाराव म्हणाले.

शेवटी बाबारावांनी मला विकायचे ठरवले. गेल्या महिन्यात वर्धा रोडवरचा एक हॉटेलवाला, सौरव, मला विकत घ्यायला आला. सोबत अंकुश मिस्त्री होता. जाण्याआधी एकदा इंजिनाचा आवाज ऐकू द्या, एवढेच बाबाराव म्हणाले. अंकुशने टायरांत हवा भरली, ताजे पेट्रोल ओतले आणि तो नवी बॅटरी बसवू लागला.

"काहून मेहनत घेता काका?" सौरव हसला. "इंजिन तर काढूनच टाकणार आहो. गेटपाशी चौथऱ्यावर बसवू. लोकं फोटो काढतीन."

मला पळता आले असते, तर त्या क्षणी फाटक तोडून पळाले असते!

तेवढ्यात गोपिकाबाई ओरडल्या, "थांब गा, अंकुश! उलटी लावून राहिला तू. हिची अधिकची तार अंगाले जोडतात. तशी लावशील तर डायनामो जाळशील."

"सगळ्या गाड्यांत उण्याचीच तार अंगाले जोडतात न, काकू."

"आताच्या गाड्यांत. हे जुनी विलायती आहे."

त्यांनी पदर खोचला आणि तारा स्वतः जोडल्या. पंपाने पेट्रोल वर येईपर्यंत थांबल्या, चोक अर्धाच ओढला आणि बटण दाबले. मी दोनदा खोकले. मग धडधडू लागले.

"हे तुले कोणी शिकवलं वं?" बाबारावांनी विचारले.

"तुम्ही कायले शिकवता! चाळीस वर्षं बाजूले बसून पाहूनच राहिली न मी."

बाबारावांनी माझ्या धडधडत्या बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाले, "सौरव, गाडी देणं नाही." ते वळसा घालून आले आणि आयुष्यात प्रथमच माझ्या डाव्या, चालकाशेजारच्या सीटवर बसले.

"चाल, ने."

फुटाळा तलावापर्यंत त्यांचा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत होता. "हळू न वं!" "तुम्ही चूप बसा जी!" असे भांडत दोघे निघाले आणि मी दोन वर्षांचा वारा एका दमात प्यायले.

मित्रांनो, एखाद्या वस्तूवर तुमचा फार जीव असेल, तर तिला पुसून झाकून ठेवू नका. तुमचे हात थकण्याआधी आणखी कोणाच्या तरी हातांना तिची सवय लावा. अजून पुष्कळ रस्ता बाकी आहे हो माझा!