डावा स्पीकर

जेरुशानं मेकअपचा जुना ब्रश डाव्या स्पीकरच्या कडेनं फिरवला आणि तिचा हात मध्येच थांबला. तिचा नवरा हायम आंघोळीला गेला होता आणि जाताना गाणं चालूच ठेवून गेला होता. कोन गावच्या गायक मिथुनचं हळदीचं गाणं. त्यातल्या झांजा अशा, की झोपलेला नवरदेव उठून बसावा. उजव्या स्पीकरमधून त्या झणझणत होत्या. डाव्यातून नुसता ढोल येत होता.

ती वाकली, डाव्याला कान लावला. या स्पीकरला दोन तोंडं असतात, खालचं मोठं ढोलासाठी आणि वरचं लहान बारीक आवाजांसाठी, हे तिला हायमनंच शिकवलं होतं. डाव्याचं वरचं तोंड मुकं होतं. तिनं उजव्याला कान लावून पाहिला, पुन्हा डाव्याला लावला. जेरुशाची सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली होती. शेवटच्या बाकावरची कुजबुज पकडणारे कान अजून शाबूत होते.

बाथरूममधलं पाणी थांबलं. ती घाईघाईनं पुन्हा धूळ झटकू लागली.

स्पीकर येऊन महिना झाला होता. मुंबईतल्या डबिंग स्टुडिओतून निवृत्त झाल्यावर हायमनं पनवेलच्या फ्लॅटमधली मागची खोली कामासाठी घेतली आणि आसपासच्या गायकांची गाणी तयार करून द्यायला लागला. पहिली काही वर्षं झकास गेली. मग गाणी परत यायला लागली. टोचतंय, म्हणायचे गायक. हायमनं दोष जुन्या स्पीकरांना दिला.

"ते खोटं बोलतात, जेरू. आपल्याला गोड वाटेल तेच ऐकवतात. हे महागडे असतात ना, ते कुणाची भीड ठेवत नाहीत. त्याचेच तर पैसे."

त्या पैशांत दोघांचं इस्रायलला, अश्दोदला जाणं झालं असतं. लेक शिरा तिथं होती, आणि व्हिडिओवरच रांगायला लागलेला नातू होता. जेरुशानं हे सगळं मनात म्हटलं आणि तोंडानं "घ्या" म्हटलं. काम परत आलं की हायम जेवायचा नाही, ते तिला बघवत नव्हतं.

आणि स्पीकर आल्या दिवसापासून त्याचं एकच पालुपद. "ऐक, वरचे सूर कसे लोण्यासारखे येतात." शिराला ऐकवून झालं, सिनेगॉगमधल्या मंडळींना घरी बोलावून झालं. महिनाभर ज्याचं कौतुक चाललं होतं त्यातलं अर्धं पहिल्यापासून बंदच होतं, हे आता त्याला तोंडावर कसं सांगायचं?

त्याच दुपारी मिथुनचा फोन आला. हायमनं तो स्पीकरवर टाकला.

"काका, गाणं मस्त हाय, पण झांजा कानात टोचतात. आमी मोबाईलवर आयकला, गाडीत आयकला, सगलीकडं तसंच."

"तुझ्या गाडीचे स्पीकर बदल," हायम म्हणाला, आणि रात्री जेवला नाही.

जेरुशाला मात्र या फोननं धीर आला. स्पीकरच अर्धा मुका, तर बिचारा माणूस काय करणार? झांजा कमी ऐकू येतात म्हणून तो त्या वाढवतो. स्पीकर बदलला की सगळं जागेवर येईल. चाळीस वर्षं आवाजात घालवलेल्या माणसाला हे महिनाभर कळलं कसं नाही, असाही एक विचार डोकावून गेला. तिनं त्याला उंबऱ्यातूनच परत पाठवलं.

स्वयंपाकघरातून तिनं दुकानात फोन लावला. रोडपालीहून माणूस पाठवतो, म्हणाले, कधी येऊ दे? हायम त्या खोलीतून हलायचाच नाही. फक्त शनिवारची सकाळ तो सिनेगॉगमध्ये असे.

शुक्रवारी संध्याकाळी जेरुशा विश्रांतीच्या वाराचा, शब्बाथचा दिवा लावायची आणि हायम स्पीकरांवर जुनी चादर पांघरायचा. मग शनिवारची रात्र होईपर्यंत घरात कुणी बटणाला हात लावत नसे. लग्न होऊन आल्यापासून तिनं हा नेम एकदाही मोडला नव्हता.

"शनिवारी या," ती म्हणाली. "सकाळी."

शनिवारी डोकं दुखतंय म्हणून ती घरीच राहिली. दुकानातला इंद्रजीत आला. त्यानं चादर काढली, डावा स्पीकर खोक्यात घातला, नवा जागेवर ठेवला, वायरी जोडल्या.

"काकू, वाजवून बघा. तुमची खात्री झाली की निघतो."

जेरुशानं बोट बटणावर ठेवलं. देवा, हे माझ्यासाठी नाही, असं पुटपुटली आणि बटण दाबलं.

दोन्हीकडून झांजा आल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काकांच्या लक्षात नाही आलं?" इंद्रजीतनं सहज विचारलं.

"कामात असतात ते," ती म्हणाली.

रविवारी सकाळी ती चहा घेऊन दारात उभी राहिली. हायमनं मिथुनचं गाणं लावलं. डोळे मिटून ऐकलं. आता म्हणेल, अरे, झांजा फार झाल्या की. ती वाट पाहत राहिली.

हायमनं हात पुढे केला आणि झांजा आणखी वाढवल्या. मग अजून थोड्या. जेरुशाच्या दाढा शिवशिवल्या.

"लोण्यासारखं," तो म्हणाला.

हायमनं गाणं थांबवून कॉम्प्युटरचा पडदा बंद केला. त्या काळ्या काचेत त्याला मागच्या दारातली जेरुशा दिसत होती.

"चादर उलटी होती, जेरू. मी शिवण आत टाकतो. काल कोण आलं होतं?"

तिनं सांगितलं. ब्रशपासून इंद्रजीतपर्यंत सगळं.

"बटण त्यानंच दाबलं ना?"

"मी दाबलं."

हायमनं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला.

"शनिवारी?"

"अहो, तुम्ही घरी नसता तेव्हाच होणार होतं."



"म्हणजे आधी एक बंद होता, आणि आता दोन्ही चालू आहेत."

"हो."

"मला दोन्ही वेळा सारखंच ऐकू आलं."

जेरुशानं चहा खाली ठेवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे स्पीकर दुकानात तपासून घेऊ," ती म्हणाली. "दुसरे काही मिळतील. याहून चांगले."

"याहून चांगले काय असणार?" हायम हसला. "भीड ठेवत नाहीत म्हटलं होतं ना मी. पैसे वसूल झाले म्हणायचे."

तो उठला, जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलून आणली आणि दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधोमध ठेवली. आपली खुर्ची बाजूला सरकवली.

"बस. झांजा टोचतात तोवर बोट वर ठेव. शाळेत पोरं करायची तसं."

ती बसली. गाणं सुरू झालं आणि तिनं बोट वर केलं. हायमनं झांजा थोड्या उतरवल्या. त्याची नजर पडद्यावर नव्हती, तिच्या बोटावर होती. आणखी उतरवल्या. बोट वरच. तो उतरवत गेला, आणि त्याला ऐकू येणाऱ्या गाण्यातून एकेक झांज उठून गेली. शेवटी नुसता ढोल आणि मिथुनचा गळा उरला. तेव्हा कुठे जेरुशाचं बोट सावकाश खाली आलं.

"झांजा आहेत ना?" त्यानं विचारलं.

"आहेत," ती म्हणाली. "छान वाजताहेत."

हायमनं थोडा वेळ तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग मान डोलावली आणि गाणं होतं तसं मिथुनला पाठवून दिलं.