सतरंजीपासून दीड फूट वर

गुरुदत्त कारखानीसांनी दोन्ही गुडघे बदलून घेतले ते मेंढीकोटासाठी. मुलाला, शौनकला, त्यांनी दुखण्याचं कारण सांगितलं. पण पत्नी सुमतीबाई गेल्यापासून त्यांच्याशी आपणहून कोणी बोलत असेल तर ते संध्याकाळी, डोंबिवलीतल्या त्यांच्या बिनलिफ्टच्या इमारतीच्या गच्चीवर, पत्ते खेळताना. तेही बहुतेक हुकुमाबद्दलच. गुडघ्यांमुळे ती गच्ची वर्षभर सुटली होती.

ऑपरेशननंतरचे व्यायाम त्यांनी इमानाने केले. फिजिओथेरपीवाली आसावरी पाय वाकवायची, ते कळवळायचे, ती म्हणायची छान. अखेर ते न थांबता चार मजले चढले. डॉक्टरांची अट एकच होती: जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही, कधीच.

म्हणून त्यांनी प्लास्टिकची खुर्ची सोबत नेली. सतरंजीवर त्यांचा भिडू उत्तम, शेजारचे चांगदेव आणि चांगदेवांच्या पत्नी रमाबाई बसले होते. स्वागत झालं, पानं वाटली. थोड्या वेळाने रमाबाईंनी आपली पानं पदराखाली घेतली.

"भाऊजी, तुम्हाला वरून सगळ्यांची पानं दिसतात."

दिसत होती. ती दिसू नयेत म्हणून त्यांनी मान इतकी वर धरली होती की उत्तमला वाटलं, मानेचंही ऑपरेशन झालंय.

दुसऱ्या दिवशी गुरुदत्तांनी आणखी तीन खुर्च्या आणि एक स्टूल वर नेलं. एकेक करून. इमारतीत एवढे चांगले गुडघे दुसऱ्या कोणाचे उरले नव्हते. मंडळी ती संध्याकाळ खुर्च्यांवर बसली, कांदेपोह्यांना आल्यासारखी. मांडी घातल्याशिवाय उत्तमला हुकूम आठवेना. स्टुलावरची पानं वाऱ्याने पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. पुढच्या दिवशी खुर्च्या टाकीजवळ एकात एक रचलेल्या होत्या आणि तिघं सतरंजीवर.

चांगदेवांनी सुचवलं की गुरुदत्तांनी पंच व्हावं. मेंढीकोटात पंच नसतो हे सगळ्यांनाच माहीत होतं. मग माझ्या जागी कोण, असं गुरुदत्तांनी विचारलं, तर तळमजल्यावरच्या नीरजाबाईंचं नाव इतक्या झटकन आलं की ते आधीच ठरलेलं असावं.

"मी पाठ करून बसतो," गुरुदत्त म्हणाले.

तेव्हापासून ते तसेच बसतात. तोंड कठड्याकडे, समोर शीळफाट्याच्या बाजूचे नवे टॉवर. मागून सांगितलं जातं, इस्पिकची राणी, चौकटची सत्ती. ते आपलं पान खांद्यावरून मागे धरतात. कधी चुकत नाहीत. मागच्या आठवड्यात तर त्यांनी कोट लावला. शाबासकी मिळाली असावी. ती पाठीवर मात्र पडली नाही.

काल मागे तिघं एकदम हसले. बराच वेळ हसले. गुरुदत्तही थोडं हसले, आणि मग त्यांनी विचारलं, "काय झालं रे?"

"काही नाही," उत्तम म्हणाला. "तू टाक."

गुरुदत्तांनी पान मागे धरलं. कोणीतरी ते काढून घेतलं.